गोल नानांच्या नावावर

जी गोष्ट बायकोलाही सांगितली नाही, ती आधी लिहून टाकतो. धुळ्याच्या फायनलमधला तो सेल्फगोल श्रीपतनानांनी मारला नव्हता. तो माझ्या गुडघ्याला लागून आत गेला होता.

आता नाना. जळगावात कुठल्याही कार्यक्रमाला जा, माईकवर ते भेटतीलच, आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "मी श्रीपत, सोनगीरचा. स्वतःच्याच जाळ्यात गोल मारलेला माणूस!" लोक खो खो हसतात. शाळेचं संमेलन, साखरपुडा, अगदी उत्तरकार्यातली गंधमुक्ती, नानांना काही वर्ज्य नाही. असोद्याला एका आबांच्या गंधमुक्तीत ते म्हणाले, "आबा पुरे नव्वद मिनिटं खेळले, वर एक्स्ट्रा टाइम. आता रेफ्रीला दोष देऊ नका!" रडणाऱ्या सुना पदराआड हसल्या.

शर्टाच्या खिशात पिवळं कार्ड कायम. भाषणात कोणी कुजबुजलं की ते वर. एकदा व्यासपीठावर फोनवर बोलणाऱ्या पुढाऱ्यालाच दाखवलं. "साहेब, दुसऱ्यांदा दाखवलं तर बाहेर जावं लागेल."

खेळणं सुटल्यावर ते बरीच वर्षं तालुक्याच्या संघाचे मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे बॉलमध्ये हवा भरायची, हाफटाइमला केळी वाटायची आणि हरल्यावर घरोघरी जाऊन आयांची बोलणी खायची.

"नाना, पोरगं लंगडत आलं हो!"

"पण वहिनी, पाय गोलाकडेच होता!"

पुढे पोरं क्रिकेटकडे गेली, मैदानाचं लग्नाचं लॉन झालं. नाना आता तिथेच लग्नांत बोलतात. माईक बरोबर पेनल्टी स्पॉटवर येतो म्हणे.

तर ती फायनल. धुळ्याच्या एका कंपनीचे साहेब आले होते. आमच्या संघातल्या एकाला नोकरी मिळणार होती. तो एक म्हणजे नाना, हे सगळेच धरून चालले होते. शेवटच्या कॉर्नरला मी आणि नाना एकमेकांवर कोसळलो. धुरळ्यात कोणालाच दिसलं नाही. लाउडस्पीकरवाला ओरडला, "श्रीपतने स्वतःच्याच जाळ्यात!" मी तोंड उघडलं नाही. नोकरी मला लागली. तिच्यावर घर झालं, दोन्ही मुलींची शिक्षणं झाली.

गेल्या महिन्यात पाचोऱ्याच्या शाळेत भाषण करून नाना परतले, तेव्हा स्टेशनवरून मीच त्यांना मोटरसायकलवर घरी आणलं. वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, वारल्यापासून ते एकटेच. पलंगाच्या अर्ध्या भागावर सत्काराच्या शाली रचलेल्या, उरलेल्या अर्ध्यात त्यांची उशी. मला राहवलं नाही.

"नाना, तो गोल..."

"मना शे." माझाच आहे, असं ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

"नाही नाना. माझा गुडघा..."

"माले ठाऊक शे. बाजूलेच तं पडेल व्हतू मी." ते दाराचं कुलूप खिळ्याला अडकवत राहिले. "तू आते तो लई जाशी, अन् मंग माले कोन बलाई? बठ्ठं भाषण त्यानावरच उभं शे, भो." म्हणजे गोल मी परत नेला, तर त्यांना भाषणाला बोलावणार कोण?

मग त्यांनी चहा टाकला. माझा कप रिकामा व्हायच्या आत विचारलं, "अजून टाकू?" थोड्या वेळाने पुन्हा, "अजून?" मी तीन कप प्यालो.

इथे लिहिणं सोपं गेलं. नानांना नको असलं तरी, त्यांच्या देखत, भरल्या मांडवात माईकवर उभं राहून मला एवढंच म्हणायचं आहे की तो गोल माझा होता. ते देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.