विमानातून फोन लागत नाही

शाहूपुरीतील गुळाचे निवृत्त व्यापारी आप्पा खोत कोडोलीच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसले, ते शास्त्रीय प्रयोगासाठी. पाळणा सुरू होताच त्यांनी मला फोन लावला. वर गेल्यावर शब्द कळत नव्हते. खाली आल्यावर स्वच्छ कळत होते.

"बघा मास्तर! एवढ्याशा उंचीवर ही गत, मग विमानातनं फोन लागतोय व्हय?"

वर असताना ते भीतीने किंचाळत होते, ही बाब त्यांनी निष्कर्षात धरली नाही.

अमेरिकेतल्या २००१ च्या हल्ल्यात अपहरण झालेल्या विमानांतून प्रवाशांनी घरी केलेले फोन बनावट होते, असे आप्पांचे ठाम मत आहे. चहाच्या गाड्यावर रोज सकाळी ते हा खटला नव्याने चालवतात. प्रतिवादी मी. त्यांतले बहुतेक फोन आसनांच्या पाठीला बसवलेल्या यंत्रांवरून झाले, हे मी अनेकदा समजावले.

"आमच्या एसटीच्या खुर्चीला धड पाठ न्हाय, आन् तुमच्या खुर्चीला फोन! पुरावा दाखवा की!"

मी वर्तमानपत्राचे कात्रण दाखवले. त्यांनी ते उलटे करून मागची जाहिरात वाचली. गुळाचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय ढेपेची प्रत न मानणारा हा माणूस. कागदावर त्याचा विश्वास नाही.

त्यांचा मुलगा अजित अमेरिकेत असतो. दिवाळीला त्याचा फोन आला नाही, नंतरही नाही. कोणी विचारले, की आप्पांचे उत्तर तयार असते. "कंपनीच्या कामानं पोरगं कायम विमानात. तितनं फोन लागतोय कुठं?" हे उत्तर म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताची एक किरकोळ शाखा, असे मी समजत होतो.

गेल्या आठवड्यात गाड्यावर कागलचे एक गृहस्थ आले. आमचा वाद ऐकून हसले आणि त्यांनी मोबाईल पुढे धरला.

"आजोबा, कुठल्या काळात हायसा? विमानात आता इंटरनेट असतंय. माझी लेक दुबईला निघालीती, ढगातनं बोलली की माझ्यासंगं! ह्यो फोटो बघा."

फोटोत खिडकी होती, ढग होते, मुलगी हसत होती. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने असा साक्षीदार उभा राहिला नव्हता. मी आप्पांकडे पाहिले. ते पुरावा मागत नव्हते. बशीतला चहा तसाच होता आणि त्यांचा हात खिशातल्या मोबाईलवर होता.

मी चष्मा पुसला. फोटो पुन्हा पाहिला.

"ढग पन्हाळ्यावरूनही दिसतात," मी म्हणालो. "विमानातून फोन लागत नाही. पुरावा दाखवा."

त्या गृहस्थांनी मोबाईल मागे घेतला.

आप्पांनी बशी उचलली.

"मास्तर शिकल्यालं हाईत, पावणं," ते हळू म्हणाले. "ते खोटं बोलत न्हाईत."