बिनतोंडाची इंजिनं

नारबाजी वाढईंनी बेचाळीस इंजिनं काढली आणि त्यातल्या एकालाही तोंड नव्हतं.

मागचं सगळं होतं. चाकं होती, कोळशाची पेटी होती, वर चढायची शिडी होती आणि शिडीच्या पायरीवरचे खिळेसुद्धा मोजून काढलेले होते. पुढे मात्र जिथं इंजिनाचं तोंड यायला हवं तिथं धूर. पेन्सिलीनं घोटून घोटून काढलेला काळा ढग. पहिल्या चित्रात मला ती गंमत वाटली, दहाव्यात जरा चमत्कारिक वाटलं. एकदा सगळी टेबलावर ओळीनं मांडली, तर पाठमोरी माणसं रांगेत उभी असल्यासारखी दिसली. मी ती पटकन गोळा करून फाईलीत घातली आणि फाईल कपाटात ठेवली.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, आदिलाबादजवळच्या इचोड्याला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. कापसाच्या बियाण्याच्या दुकानावर एक खोली, खोलीत दोन कॉम्प्युटर आणि खिडकीखाली हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचे ट्रक. शिकून पोरं पुढे काय करतील हे मलाही ठाऊक नव्हतं, पण पाटी इंग्रजीत होती, त्यामुळे कोणी विचारत नसे. कॉम्प्युटरवर टायपिंगखेरीज काही होतं हे दाखवायला मी एक खेळणं करून ठेवलं होतं. पडद्यावर एक आडवी रेघ, तिच्यावर चार स्टेशनं आणि रेघेवरून सरकणारा एक चौकोन. स्टेशन आलं की मशीन बारीक शिटी मारायचं. इचोड्याला रेल्वे नाही, तेव्हा माझी ही रेल्वे गावात एकमेव होती आणि मी तिचा सर्वेसर्वा होतो.

नारबाजी बाजारहत्नूरकडचे वाढई, म्हणजे सुतार. जन्म बैलबंड्या, म्हणजे बैलगाड्या, करण्यात गेला. नारबाजीच्या बंडीचा आस कधी करकरत नाही, असं आमच्याकडे शेतकरी सांगायचे. पण पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास त्यांनी बंड्या करणं एकाएकी सोडलं. रबरी टायरच्या गाड्या आल्या, लाकडाच्या चाकाला कोण विचारतो, असं लोक म्हणाले. नारबाजींनीही ते खोडून काढलं नाही. एकदा ते खालच्या दुकानात सरकी घ्यायला आले, वरून शिटी ऐकली आणि जिना चढून आले. माझा चौकोन त्यांनी पाच वेळा इकडून तिकडे जाऊ दिला.

"मास्तर, हे काय हाय?"

"इंजन हाय."

"हे खोकं हाय," ते म्हणाले. "इंजन म्या आणून देतो."

पुढच्या आठवड्यात ते चौकटीच्या कागदावर इंजिन घेऊन आले. एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, हे त्यांनी मला न विचारताच ओळखलं होतं. त्यांनी काढायचं आणि मी ठिपका ठिपका उतरवायचं, असं तीन वर्षं चाललं. प्रत्येक इंजिनाखाली बैलबाजारात सांगतात तशी माहिती असे. 'नाव: मोऱ्या. वय: चार दाती. सभाव: गरीब. खोडी: उतारावर पळते.'

"नारबाजी, इंजनाले दात कुठचे?"

"मंग कोवळं हाय का जुनं हाय, हे कसं सांगान?" त्यांनी माझी कीव केली. "चार दात्याले घाटावर जुपू नका मास्तर. खांदा खराब होते."

इंजिनं नेहमी दोन. डबा एक असला तरी इंजिनांची जोडी. एका इंजिनात भागतं, असं मी एकदा समजावायला गेलो. त्यांनी रेघेवर एक बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "एकलं जुपलं, तर मोकळ्या बाजूले कोण येऊन उभं राहीन, सांगता येत नाही." त्या दिवसापासून मी मुकाट्यानं जोडी जुंपू लागलो.

पोळ्याला माझी रेल्वे बंद. आदल्या संध्याकाळी नारबाजी वाटीत तूप-हळद घेऊन आले आणि बैलाचे खांदे चोळावेत तशा त्यांनी मॉनिटरच्या दोन्ही कडा चोळल्या. वर पडद्याला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी कीबोर्ड पोटाशी धरून उभा होतो, म्हणून तो वाचला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. खुर्चीचं मात्र नेता येत नव्हतं. नवं इंजिन पडद्यावर पहिल्यांदा धावणार असलं की नारबाजी आपल्या शेजारी एक खुर्ची ओढून घेत, उपरण्यानं पुसत आणि रिकामी ठेवत. तिच्यावर कोणी बसायचं नाही. एकदा खाजासाब बसले. खाजासाब मंडल ऑफिसातले कारकून. साहेबानं हुकूम काढला म्हणून निवृत्तीच्या तोंडावर एका बोटानं टायपिंग शिकायला येत. नारबाजी त्यांना म्हणाले, "उठा साहेब. बैठक व्हायची हाय."

"किसकी बैठक?"

नारबाजी नुसते खुर्चीकडे पाहत राहिले, एखादं माणूस उभं आहे आणि त्याला जागा हवी आहे असे. खाजासाब उठले आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत एकटे बसेनासे झाले. मला जिन्यात गाठून म्हणाले, "मास्टर, जिसका मुँह नहीं दिखता ना, वो जाने वाला रहता." आणखी एक गोष्ट त्यांनी शपथेवर सांगितली. लाइट गेलेली असताना, खोलीला कुलूप असताना, वरून शिटी ऐकू येते. मी खूप हसलो. पुढे एका दुपारी, लाइट नसताना, मी खाली चहा पीत होतो आणि मलाही ती ऐकू आली. मी कोणाला सांगितलं नाही. चहा मात्र अर्धा टाकला.

मग मला हैदराबादेत नोकरी लागली. क्लास बंद करायचा आणि दोन्ही मशीन विकायची असं ठरलं. आठवडा राहिला होता. नारबाजींना सांगितलं तेव्हा ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"एकच पाह्यजे, मास्तर. थांबणारं इंजन."

"सगळेच थांबते ना टेशनावर."

"थांबते, पन टाइम झाला का सुटते. म्या एक्केचाळीस वेळा पाह्यलं. बंडी येईपावतर सुटू नये, असं लिवा."

"कोनती बंडी?"

मग ते बोलले. तीन वर्षांत नव्हते बोलले इतकं एका दमात बोलले.

"पूर होता त्या साली. बसगाड्या बंद. माही पोरगी कला, नऊ वर्साची. ताप डोक्यात गेल्ता. दाक्तर म्हणे, आदिलाबादहून संध्याकायची गाडी धरा अन् नांदेडले न्या. म्या पहाटेच बंडी जुपली. डोंगरातल्या वाटेनं दिवसभर बैलं पळवले. नाल्यावर पानीबी नाही दाखवलं. टेशन दिसू लागलं अन् चांद्या बैल बसला. उठेचना. पोरीले खांद्यावर घेऊन पळालो, तं गाडी हालली होती. मागचा डबा दिसला. इंजन मले दिसलंच नाही मास्तर. पुढं नुसता धूर होता."



"गाडी टायमावरच सुटली. तिचा दोष नाही. बंडी उशिरा आली. माह्या हातची बंडी." त्यांनी गुंडाळलेलं उपरण्याचं टोक सोडलं. "दुसऱ्या दिवशीच्या गाडीपावतर कला राह्यली नाही. आमच्यात नवी बंडी आंगनातून निघाली, का पहिली बैठक घरच्या लेकीची. माह्या हरेक बंडीत कलाच पहिले बसे. मंग कोनाले बसवू? सोडलं थे काम."

तीन वर्षं मी या माणसाची टवाळी केली होती, मित्रांना त्याच्या नकला करून दाखवल्या होत्या. मला माझी लाज वाटली.

बेचाळिसावं इंजिन त्यांनी दुसऱ्या दिवशी आणलं. त्यालाही पुढे धूरच होता. न पाहिलेलं ते काढत नसत. बंडी मात्र अशी काढली होती की चांद्या आणि तांबड्याच्या डोळ्यांच्या पापण्या दिसाव्यात. मी दोन दिवस बसून प्रोग्रॅम लिहिला. बंडी एका कडेनं निघणार, बैलाच्या चालीनं पडदाभर सरकणार, स्टेशनावर पोचणार आणि मगच गाडी सुटणार. पळवायची नाही, अशी नारबाजींची अट होती. त्या दिवसांत आमच्याकडे लाइट सकाळी नऊला यायची आणि दुपारी दोनला जायची. मी हिशेब केला होता, बंडी दीडला पोचत होती.

"नाल्यावर पानी दाखवा," नारबाजी म्हणाले.

"किती वेळ?"

"त्यायचं पोट भरेपावतर. चाळीस मिनिटं धरा."

"नारबाजी, मंग दोन दहा होते. लाइट दोनले जाते. मशीन बंद झालं तं बंडी तिथंच पुसून जाईन. दुसऱ्यांदा चालवाले मशीन नाही, परवा सकाळी घेणारे नेऊन राह्यले."

त्यांनी फार विचार केला नाही. "पानी दाखवाच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बंडी निघाली. मी पोरांना सुट्टी दिली होती. खाजासाब आले आणि सगळं ऐकून भिंतीला टेकून बसले. इतकं हळू चालणारं काही मी आजवर पाहिलेलं नाही. नजर हलवून परत आणली की बंडी एखाद्या ठिपक्यानं सरकलेली असे. नारबाजींच्या शेजारी रिकामी खुर्ची होती आणि मधूनच ते तिच्याकडे वळून काहीतरी पुटपुटत. नाल्यावर बंडी थांबली. चाळीस मिनिटं आम्ही तीन मोठी माणसं ठिपक्यांचे दोन बैल पाणी पिताना पाहत बसलो. कोणी हसलं नाही.

पावणेदोनला खाजासाब उठून गेले. लाइनमनला गाठून दहा मिनिटं मागायला गेले असणार, हे मी ओळखलं. दोन वाजायला आले. बंडी अजून स्टेशनापासून अर्धं बोट दूर होती.  घड्याळाकडे पाहवेना, म्हणून मी खालच्या ट्रकांचा आवाज ऐकत राहिलो.

जिन्यावर पावलं वाजली. "नहीं माना," खाजासाब दारातूनच म्हणाले. "नीचे तो गई लाइट, मास्टर. दुकान का पंखा भी..."

आणि ते तिथंच थांबले. आमच्या डोक्यावरचा पंखाही थांबला होता. पडदा चालू होता. मॉनिटरचा उजेड नारबाजींच्या तोंडावर पडला होता आणि त्या उजेडात बंडी सरकत होती. बॅटरी-बिटरी आमच्याकडे काही नव्हती. खालचं दुकान आणि माझी खोली एकाच मीटरवर. मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस, मला याचं कारण सांगता यायला हवं. ते मला आजही सांगता येत नाही.

दोन दहाला बंडी स्टेशनाला लागली. खाली 'प्रवासी' लिहिलं होतं तिथला शून्य जाऊन दोन झाले. बाप आणि लेक, तसंच मी लिहिलं होतं. शिटी झाली. जोडीनं इंजिनं निघाली, धूर पुढे आणि डबे मागे, आणि गाडी पडद्याच्या कडेला शिरून दिसेनाशी झाली.

नारबाजी पडद्याकडे झुकले. म्हणाले, "आता कुठं असंन?"

कॉम्प्युटरला सांगितलं तेवढंच कळतं, हे मी तीन वर्षं फळ्यावर लिहीत होतो. पण मी म्हणालो, "किनवट गेलं."

"मंग?"

"भोकर. आता मुदखेड येईन."

"नांदेडले कोनी असंन घ्याले?"

"दाक्तर सोताच आले टेशनावर," मी सांगितलं. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

"मंग बरं हाय," ते म्हणाले. मग पडद्याकडे बोट केलं. स्टेशनासमोर बंडी तशीच उभी होती, बैलांच्या मानेवर जू. "मास्तर, बैलं सोडा. सकायपासून जुपले हायेत."

याचा प्रोग्रॅम मी लिहिला नव्हता. वर पंखा बंद होता आणि मशीन कशावर चालत होतं देव जाणे. मी जुवाचे ठिपके एकेक करून पुसले आणि बैल थोडे बाजूला घेतले. त्याला वीसेक मिनिटं लागली. नारबाजींनी मला घाई केली नाही. बैल मोकळे झाले तेव्हा त्यांनी गुरांना पाणी पाजताना घालतात तशी हलकी शीळ घातली. मग पडदा विझला आणि आमच्या खोलीतली लाइट गेली.