जखमेचं घर

बेलापुरात मी कुठं राहते असं कुणी विचारलं, तर गल्ली किंवा घरमालकाचं नाव सांगावं लागत नसे. "जखमेच्या घरात" एवढं म्हटलं की पुरे. पोस्टमन, दूधवाला, शाळेतली पोरं, सगळे तेच म्हणायचे. साखर कारखान्याच्या रस्त्याकडं तोंड करून उभ्या असलेल्या त्या घराच्या भिंतीवर, दारापेक्षा मोठी, बैलाच्या खांद्याची जखम रंगवलेली होती. मधे लाल, कडेनं पिवळी आणि वर माश्या. माश्या इतक्या हुबेहूब, की चित्र झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोनदा पदरानं हाकलायला गेले. शेजारी बैल हाकायची पराणी उगारलेला गाडीवान आणि खाली काळी ठसठशीत अक्षरं: 'बघवत नाही? मग त्याला कसं सोसवतं?'

घर ताराबाई निकमांचं, आणि जखमही त्यांचीच. मी त्यांच्याकडं एका खोलीत भाड्यानं.

आम्ही दोघी एकाच शाळेत. मी नुकती नोकरीला लागलेली, पहिलीच्या वर्गावर. त्या तिसरीच्या वर्गावर, निवृत्तीला आलेल्या. उंच, हाडकुळ्या, पायात रबरी स्लिपर. चामड्याला त्या शिवत नसत. शाळेत ढोलकी वाजायला लागली की कानावर हात ठेवून वर्गाबाहेर जात. सगळ्यांना त्या अहो-जाहो करत, तिसरीच्या पोरांनासुद्धा. "तुम्ही अगदी गाढव..." असं म्हणून मधेच थांबत आणि सुधारत, "नाही, गाढवाचं नाव कशाला खराब करा?" पाढे न आलेल्या पोराला बाकावर उभं करत, तोंड वर्गाकडं. सगळा वर्ग त्याच्याकडं बघत राही. "लाज," त्या मला समजावत, "लाज वाटल्याशिवाय माणूस हलत नाही, सुमनबाई. मारून काही होत नाही. लाजवावं लागतं."

आता गंमत सांगते. ज्या बैलांसाठी हा सगळा अट्टाहास, त्या बैलांची बाईंना मनस्वी भीती. हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्यांची रांग दिवसभर दारावरून जायची. बाई ओट्यावर खांबाला धरून उभ्या राहत आणि ओरडत, "किती भरलाय हो! जरा स्वतः ओढून बघा!" तेवढ्यात एखाद्या बैलानं नुसती मान वळवली तरी त्या आत जात, आणि उरलेलं भाषण खिडकीतून पुरं करत.

आधी त्या भिंतीवर एक सोज्ज्वळ बोर्ड होता. हसरा बैल, गळ्यात हार, 'मुक्या जनावरांवर दया करा'. तीन वर्षांत तो कुणी वाचला नाही. एकदा तर एका गाडीवानानं बैल त्याच बोर्डाच्या खुंटीला बांधून समोरच्या हॉटेलात चहा घेतला. त्या दिवशी बाईंनी रज्जाक पेंटरला बोलावलं.

रज्जाकभाई गावातला एकुलता एक पेंटर. पिठाच्या गिरणीपासून तमाशाच्या तंबूपर्यंत सगळे बोर्ड त्याचे. बाईंना काय हवंय ते ऐकून तो बराच वेळ ब्रश पुसत राहिला.

"बाई, जखम जरा लहान काढू का?"

"मोठी. दारापेक्षा मोठी."

"रक्त जरा कमी?"

"ताजं दिसलं पाहिजे."

"मग खाली माझं नाव नाही टाकत," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात दोन लग्नांच्या कमानी आहेत माझ्याकडं."

मनानं बैल काढायला तो तयार नव्हता. म्हणून कारखान्याच्या वजनकाट्यापाशी, गाड्यांची रांग लागते तिथं, दुपारभर बसला आणि समोर दिसला तो खांदा सोललेला बैल उतरवून घेतला. डावं शिंग अर्धं मोडलेला, कपाळावर पांढरा ठिपका. गाडीवानही तोच काढला, लाल मुंडाशाचा. फक्त पराणी बाईंनी आपल्या मनानं काढायला लावली. "हात उगारलेला हवा, आणि पराणीला आर दिसली पाहिजे," म्हणाल्या. आर म्हणजे टोकाचा खिळा.

चित्र लोकांनी बघितलं, यात शंका नाही. दुसऱ्याच दिवशी एका शेतकऱ्यानं कडी वाजवली. "बाई, ह्ये मलम हितंच मिळतं का?" बाई हतबुद्ध. त्याच्यामागून आणखी चार-पाच जण मलम मागून गेले. समोरच्या हॉटेलचा मालक हात जोडून आला, "बाई, गिऱ्हाइकाच्या घशाखाली भजं उतरंना." बाई खूश झाल्या. "बघा, लागतंय ना मनाला!"

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे यायचे होते. मुलाची अट होती, मुलगी नोकरी करते तिथंच येऊन बघू. श्रीरामपूरहून ते टांग्यानं आले. मुलगा, आईवडील, मामा आणि एक आत्या. उतरता उतरताच आत्याबाईंनी भिंत बघितली आणि तोंडाला पदर लावला. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तर ताराबाई ओट्यावर मामांना विचारत होत्या, "एका घोड्याला तुम्ही पाच जण! पाचांतला एक तरी चढाला उतरून चालला का?" मामा म्हणाले, "आम्ही मुलगी बघायला आलोय." बाई म्हणाल्या, "मुलगी बघा, पण आधी घोडा बघा." मुलगा खाली मान घालून बसला होता. पोह्यांना कुणी हात लावला नाही. जाताना मुलाचे वडील तेवढे टांग्यामागून चालत गेले. तो बाईंचा विजय. माझं लग्न मात्र तिथंच मोडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना ते कळलेलं होतं. मला मान वर करायची सोय राहिली नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा लवकर उतरल्या होत्या. गावाकडं माणसाला पाणी नव्हतं, तिथं जनावराला कुठलं. इथं निदान उसाची वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, तरी मिळायची. बाई गाड्या निरखत. कुणी चित्राकडं बघून तोंड फिरवलं, की मला हाक मारून सांगत, "लागलं, लागलं!"

एका रविवारी दुपारी एक बाई ओट्याच्या पायरीवर येऊन बसली. हातावर कोयत्याचे घट्टे, उसाच्या पात्यानं चिरलेली मनगटं. ताराबाईंना वाटलं, मलम मागायला आलेली.

"मलम नाही हो मिळत इथं."

"मलम नको. मी कौसाबाई. ह्या चित्रातल्या मान्साची बायको."

ताराबाई खांब धरून उभ्या राहिल्या.

"बैल आमचा पाखऱ्या," कौसाबाई म्हणाली. "शिंगावरनं समद्यांनी वळखला. टोळीतली पोरं दिसभर वरडत्यात, 'आसराजी, तुजा फोटू लागलाय.' मालक लाजंनं ह्या रस्त्यानं येत न्हाईत, बाई. वढ्याच्या वाटंनं गाडी नेत्यात."

ओढ्याची वाट म्हणजे लांबचा वळसा, खाली वाळू आणि पुढं उभी चढण. रिकामी गाडीसुद्धा तिथून न्यायची तर बैलांची जीभ बाहेर येई.

"काल चढनीला पाखऱ्या गुडघ्यावर बसला," ती म्हणाली. "दोनी गुडघं फुटलं. उठंना. मालक त्येच्या गळ्याला मिठी मारून रडलं, चार मान्सांदेखत."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "पण खांद्याची जखम तर खरी होती ना?"

"खरी हाय की. मी कुटं न्हाई म्हन्ते? रोज हळद-त्याल लावत्यात. पन गाडी कारखान्याची. वजन मुकादम भरून घेतो. कमी भरलं तर गाडी दुसऱ्याला देईन म्हन्तो. मग आमी बैल घिऊन जावं कुटं? गावाकडं तर काडी न्हाई." मग ती भिंतीकडं न बघता म्हणाली, "समदं खरं काढलं, बाई. येक तेवढं खोटं. त्येंच्या हातात कदी आर नव्हती. ती तुमी दिली."

ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाली आणि निघून गेली.

बाईंनी त्याच संध्याकाळी चुना कालवला. मी मदतीला गेले, तर कुंचा हातातून सोडेनात. पण रज्जाकभाईचा रंग पक्का. पहिल्या हातानं जखम गुलाबी झाली. दुसऱ्या हातानंतर तर ती जास्तच खरी दिसायला लागली, जुनी, चिघळलेली. रस्त्यानं माणसं थांबून बघत होती. बाईंच्या केसांवर, चष्म्यावर चुन्याचे थेंब, आणि पाठ लोकांकडं. रज्जाकभाई सायकल टेकवून उभा राहिला. मी हळूच म्हटलं, "एवढं चांगलं चित्र तुमचं."

"चित्राचं काही नाही हो," तो म्हणाला. "लोकांनी खूप बघितलं. पण बघून सगळे आसराजीकडं बघायला लागले. बैलाकडं कुणीच नाही."

बाईंनी ते ऐकलं. कुंचा थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर येता? एकटीनं जायचा धीर होत नाही." आम्ही टोळीच्या कोप्यांपाशी गेलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, बाहेर धूर, पोरं, कुत्री. पाखऱ्या एका कडेला बसलेला, गुडघ्यांना फडकी. चित्रात तो केवढा वाटायचा. प्रत्यक्षात लहानखुरा होता.

आसराजी आम्हाला बघून कोपीत शिरला. कौसाबाईनं ओढून बाहेर आणला, तर त्यानं पोतं अंथरलं आणि दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

"आसराजी," बाई म्हणाल्या, "चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या, बाई." तो जमिनीकडं बघत होता. "चित्र झ्याक हुतं. पाखऱ्या लगीच वळखू आला."

एकमेकांकडं बघायची चोरी, म्हणून दोघंही बैलाकडं बघत राहिली. मग बाई म्हणाल्या, "मी लावू का हळद?" कौसाबाईनं वाटी दिली. बाई एक पाऊल पुढं, एक मागं, असं करत बैलाच्या खांद्यापर्यंत पोचल्या. बोटं लागली मात्र, पाखऱ्यानं फुस्सकन श्वास सोडला आणि बाई वाटीसकट वाढ्यांच्या ढिगात बसल्या. कौसाबाईला हसू आवरेना. आसराजीनं तोंडावर मुंडाशाचा सोगा धरला. मग बाईही हसायला लागल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चष्मा सरळ करून त्या उठल्या आणि पुन्हा बैलाजवळ गेल्या.

परत येताना त्या हळदीची बोटं पदराला पुसत होत्या. शाळेच्या कुंपणाजवळ आल्यावर म्हणाल्या, "मी पोरांना बाकावर उभं करते. मला वाटायचं, लाजेनं अभ्यास करतात. काही करतही असतील. पण काही शाळेलाच यायची बंद झाली. त्यांच्या घरी मी कधी गेले नाही. त्यांना शाळेची गोडी नाही, असंच धरून चालले."

पाखऱ्या दहा-बारा दिवसांनी उभा राहिला. आसराजी सरळ रस्त्यानं यायला लागला. वजन काही कमी झालं नाही. बाई मुकादमाला भेटायला गेल्या, न ओरडता बोलल्या. तो "व्हय बाई, व्हय बाई" म्हणाला आणि पूर्वीइतकंच भरत राहिला. बाईंना तेही कळत होतं. त्या आता ओट्यावरून भाषण करत नसत. आसराजीची गाडी आली की खाली उतरत, पाखऱ्याच्या खांद्याला हात लावत आणि बाजूला होत. चुन्याचे हात देऊन देऊन भिंत शेवटी पांढरी झाली, तरी गावानं घराचं नाव बदललं नाही.

हंगाम संपला तशी एका सकाळी टोळी निघाली. कारखान्याची गाडी परत गेली होती; आसराजीनं स्वतःची लहान गाडी दारात थांबवली. कौसाबाई खाली उतरली आणि बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला मधेच धरलं.

"यावं येकदा आमच्याकडं," कौसाबाई म्हणाली. "पाऊस झाल्यावर या. आत्ता काय दाखवू?" मग आत डोकावून म्हणाली, "बाई, तुमच्या घरी दुसरं कोन दिसलं न्हाई कदी. कोन कोन आसतं?"

बेलापुरात हे बाईंना कुणी विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही असते की."

मी मान खाली घातली. माझी दुसरी खोली ठरली होती, बाजारपेठेत, एका सोनाराच्या माडीवर. आईनं निरोपावर निरोप पाठवले होते, त्या घरात राहिलीस तर तुझं लग्न होणं नाही. आत माझी ट्रंक दोरीनं बांधून तयार होती. दुपारी हातगाडीवाला यायचा होता. बाईंना मी अजून सांगितलं नव्हतं.

"मग बरं हाय," कौसाबाई म्हणाली आणि गाडीत चढली.

गाडी वळणाआड गेल्यावर बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माफ करा हं. तुम्हाला न विचारता बोलले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं."

"बाई, मी..."

"कळलंय मला. सोनाराची बायको बोलली. खोली चांगली आहे, उजेड आहे." त्या आत गेल्या आणि माझ्या ट्रंकेची एक कडी धरून वाकल्या. "चला, तुम्ही ती कडी धरा. दोघींनी उचलली तर जड होणार नाही."

मी कडीला हात लावला नाही. जमिनीवर बसले आणि दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ मीच घट्ट मारलेली, सुटता सुटेना. थोड्या वेळानं बाईही शेजारी येऊन बसल्या आणि दुसरं टोक सैल करू लागल्या.