गजभिये काकांचं नाक

गजभिये काका कुणाच्या घरी गेले की आधी दारात उभं राहून मोठा श्वास घेतात, मग चपला काढतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा असाच श्वास घेऊन म्हणाले, "फ्रिजच्या मागं पाल मेली हाय." फ्रिज ओढला, तर होती. आईने त्यांना चहा दिला, पण पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी जरा जपूनच बोलायची.

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत ते समोरच राहतात. नोकरी सगळी कोराडीच्या वीज केंद्रात झाली, कोळसा वाहून नेणाऱ्या लांबलचक रबरी पट्ट्यांवर. पट्टा कुठे घासतोय ते दिसायच्या आधी वासावरून ओळखावं लागायचं. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. गल्लीत कुणाची डाळ लागली, कुणाच्या कुलरची मोटर जळायला आली, कुणाच्या मुलाने गच्चीवर सिगारेट ओढली, सगळं काकांना कळतं. पहिल्या दोन गोष्टी ते सांगतात. तिसरी सांगत नाहीत, म्हणून मुलांमध्ये त्यांना फार मान आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "नाक नाही म्हणून राहिलं." म्हणजे नाक ‘नाही’ म्हणतंय. हे म्हटलं की विषय संपला. मग ते दूध घेणार नाहीत की ऑटोत बसणार नाहीत. एकदा काकूंना घेऊन सीताबर्डीला गेले आणि घेतलेला नवा शर्ट तिथेच परत करायला लागले. दुकानदार म्हणाला, "काका, माप बरोबर आहे, रंग तुम्हीच निवडला." काका म्हणाले, "मले मान्य हाय. पण नाक नाही म्हणून राहिलं." दुकानदार बिचारा नाकाशी काय वाद घालणार. त्याने शर्ट बदलून दिला.

गेल्या मे महिन्यात माझीच या नाकाशी गाठ पडली. वर्ध्याची मावशी मोठ्या आजारातून उठून घरी आली होती आणि आईला तिला कधी एकदा बघते असं झालं होतं. सकाळी आईला मागे बसवलं, एसी लावला, गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली, तर दुधाची पिशवी घेऊन काका थेट गाडीसमोर उभे.

"बंद कर वं, सुषमा. रबर जळून राहिलं."

"उशीर होऊन राहिला, काका. रस्त्याचं डांबर असेल."

"डांबर मले माहीत हाय. हे रबर हाय."

वास मलाही दोन दिवस येत होता. मी तो मनावर घेतला नव्हता, एवढंच. काकांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि गुडघ्यांवर बसून एकेका चाकाचा वास घेतला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. शेवटी पुढच्या डाव्या चाकावर त्यांचा संशय बसला. टायर आतून घासतोय, म्हणाले. जॅक लावून चाक काढलं. आत काहीच नव्हतं.

"चुकलो," काका शांतपणे म्हणाले. चाक परत बसवलं. "आता बॉनेट खोल."

बॉनेटवर वाकून त्यांनी मला इंजिन सुरू करायला लावलं. वास नाही. "आता एसी लाव." लावला. आतून किरर्र आवाज झाला आणि करपलेला भपका आला. "बंद कर." गेला. "लाव." आला. त्यांची खात्री होईपर्यंत हे चाललं.

"एसीचा कंप्रेसर जाम झाला. पट्टा त्याच्यावरून घसरून जळून राहिला."

"मग एसी न लावता जाते की."

त्यांनी इंजिन बंद करायला लावून मला खाली बोलावलं आणि पट्टा दाखवला. कडा उसवलेली, आतली बाजू काचेसारखी चकचकीत. "हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवते. बुटीबोरीच्या पुढं तुटला तर इंजिन तापन, अन् तुह्या आईले उन्हात उभं राहा लागन. नाक नाही म्हणून राहिलं."

मागून आई म्हणाली, "ऐक त्यांचं. पाल निघाली होती."

मानेवाड्याहून मेकॅनिक आला. त्यानेही वास घेतला आणि म्हणाला, "क्लच है."

"क्लचचा वास वेगळा असते गा. कंप्रेसर हातानं फिरवून पाय."

त्याने फिरवून पाहिला. हलेना. मग त्याने नवा पट्टा चढवला, चुकून एसी लागू नये म्हणून कंप्रेसरची वायर काढून ठेवली, आणि आम्ही ओल्या ओढण्या डोक्यावर घेऊन निघालो. भर दुपारी वर्ध्याला पोचलो. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून, तू किती वाळलीस म्हणून एकमेकींना रागावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काकू गॅसपाशी उभ्या होत्या आणि काका शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसले होते.

"जिरं झालं. टाक कांदा," काका म्हणाले. काकूंनी टाकला. "थांब जराशी. हं, आता हळद."

"काकू, स्वयंपाक पण यांच्याच हुकमानं?" मी हसत विचारलं.

"मले वास येत नाही ना, बाई," काकू म्हणाल्या. "मोठा ताप आला होता, तवा गेला. परत आलाच नाही. हे रिटायर झाले त्याच साली. एकदा गॅस चालू राहिला, मले समजलंच नाही. तवापासून मले एकटीले सोडून हे गल्लीच्या बाहेर जात नाहीत."

काकांनी उठून गॅस बारीक केला.

मी डबा पुढे केला. काकूंनी एक तुकडा उचलला, सवयीने नाकाशी नेला, आणि मग काकांच्या हातात दिला.

"कसा हाय?"

काकांनी तो हुंगला. "गायीचं तूप हाय. चांगलं कढवलेलं." मग म्हणाले, "पोळ्याले तुही आई करंज्या तळे. आपण अंगणात बसून राहू अन् वास दारापर्यंत ये. तसा."

काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हं. आला."