काळीला हाक

सेनगावच्या वळणावर एसटी भोंगा वाजवत पुढे निघून गेली, की नामदेवमामा चहाची बशी खाली ठेवतात आणि सांगतात, "दोन नंबर." आवाज खाली घसरला म्हणून दोन. वर चढला असता तर एक.

मामांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर गाणी बनवायचा एक प्रोग्राम आहे. त्यात गाणं ओळीओळीनं खाली सरकतं आणि सुराशेजारी एक लिहिला की तो सूर चढतो, दोन लिहिला की उतरतो. मामा एवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण माझे सासरे वारले, तिरडी बांधणं चालू होतं, बायकोनं हंबरडा फोडला, आणि मामा माझ्या कानाशी म्हणाले, "जावईबापू, एक नंबर हाय. चढूनच राहिला. कुठं थांबायचं ते सांगितलंच न्हाई त्याला." मी हादरलोच. तिरडीजवळ माणूस असं बोलतो? महिनाभर मी त्यांच्या चहाला हात लावला नाही.

परवा भरदुपारी चार्जर आणायला त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. आतून मामी शेळीला हाक मारत होत्या. मामींना जाऊन दोन वर्षं झाली.

आत मामा एकटेच, कॉम्प्युटर आणि स्पीकरपुढे.

"बाटलीत फुकून एकच सूर भरला," ते म्हणाले. "फोनमधी तिचे फोटो हायेत, आवाज एक बी न्हाई. हाक तेवढी ध्यानात हाय. तीन नंबर लावला का एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते अन् तिथंच बराबर थांबते. पर पुढं चालीचा, म्हंजी किती भरभर घसरायचं त्याचा, आकडा कमी पडला तं ओळ सरते, हाक वाटंतच राहते."

"पोचली का न्हाई, हे ठरवणार कोण?" मी विचारलं.

मामांनी अंगणाकडे बोट केलं. तिथं मामींची म्हातारी शेळी, काळी, बसली होती. दोन वर्षांत मामांनी बनवलेल्या एकाही हाकेला तिनं कानसुद्धा हलवला नव्हता. मामांनी आकडा एकानं वाढवला आणि हाक सोडली.

काळी उठली. तडक घरात आली, आम्हा दोघांना ओलांडून चुलीपाशी गेली, न्हाणीत डोकावली, खाटेखाली हुंगून ओरडत पुन्हा चुलीपाशी आली. मला वाटलं, मामा आता पेढे वाटतील.

मामांनी ती ओळ पुसून टाकली.

"मामा, काहून पुसली?" मी विचारलं.

"पुन्हा वाजवली तं पुन्हा उठंल ते. पुन्हा घरभर हुडकंल." त्यांनी काळीला जवळ ओढलं. "मी दोन वर्षं तेच करून राहिलो, जावईबापू. लई तकलीफ होते."