सोनईची कॉपी आणि घोडेगावची कॉपी

सोनईच्या बाजारतळावर बन्सीच्या तंबूत जनरलसाहेबांचा सिनेमा लागला, आणि गहिनीनाथनं होणाऱ्या व्याह्याला, म्हणजे शिंगणापूरच्या रंभाजीला, मुद्दाम निरोप धाडून बोलावून घेतलं. तो निरोप धाडला नसता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण सुखानं चाललेल्या गोष्टीत बोट घालायची गहिनीनाथला फार जुनी खोड.

लढाईत नाव काढलेल्या एका जनरलच्या आयुष्यावरचा हा सिनेमा. तीनेक वर्षांमागं त्याचं थोडं शूटिंग नगरजवळच्या माळावर झालं होतं. गहिनीनाथ नेमका त्या दिवशी कांदा घेऊन नगरला गेलेला. सिनेमावाल्यांना सैनिक कमी पडत होते. त्यांनी त्याच्या झुपकेदार मिशा बघितल्या, मुंडासं उतरवलं, वर्दी चढवली आणि हातात बंदूक दिली. तेव्हापासून 'जनरलसायबाच्या उजव्या अंगाला मी हुतो' हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सोनईत शोधून सापडला नसता. लेकीच्या, चांगुणाच्या सोयरिकीची बोलणी करायला रंभाजी पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही चहाच्या आधी हेच मिळालं.

रंभाजी बोलायला मोजका आणि ऐकायला पक्का. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला होता, "आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, पाव्हनं. सगळा कारभार इस्वासावर. मानूस खरं बोलनारा पायजे, बाकी आमचं कायबी मागनं न्हाई."

"मग झालंच की!" गहिनीनाथ म्हणाला. "सिनेमा गावात आला की डोळ्यांनी बघा."

तो सिनेमा आता आला. गहिनीनाथनं रंभाजीला पडद्यासमोर घोंगडी अंथरून बसवलं. मागं बायकांत त्याची बायको मालनबाई बसली, तिच्याशेजारी चांगुणा. रंभाजीचा पोरगा साखर कारखान्यात नोकरीला होता आणि चांगुणाच्या मनात भरला होता, त्यामुळं बापापेक्षा लेकीचाच जीव जास्त टांगणीला लागला होता.

सिनेमा सुरू झाला. जनरल जन्मला, मोठा झाला, आईच्या पाया पडून पलटणीत गेला. गहिनीनाथ दर दोन मिनिटांनी रंभाजीला कोपरानं ढोसत होता. "आता बघा हां. आता लढाई लागनार." जनरलनं नकाशावर बोट ठेवलं. पडदा एकदा लुकलुकला. आणि दुसऱ्याच क्षणी जनरलच्या गळ्यात हार! बँड वाजतोय, लोक टाळ्या पिटतायत.

"जिकला?" रंभाजीनं विचारलं.

"जिकला वाटतं," गहिनीनाथ कसाबसा म्हणाला.

"लढला कवा?"

तंबूत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "गहिनीनाथ, उजव्या अंगाला कुठं हुता रं? नकाशाच्या खाली का?" रंभाजी हसला नाही. तो उठला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि म्हणाला, "सोयरिकीचं बघू मग." हे 'बघू' म्हणजे काय ते लग्नाच्या पोरी असलेल्या बापाला सांगावं लागत नाही. चांगुणा तर घरी गेली ती उपाशीच झोपली.

सकाळी गहिनीनाथनं बन्सीचा तंबू गाठून त्याची गचांडी धरली. "माझी लढाई कुठंय?"

"माज्या कॉपीत लढाई न्हाई," बन्सी मान सोडवत म्हणाला. "कॉपी हितं येईस्तोवर धा तंबूंतनं फिरती. कुठं तुटती, कुठं कापत्यात. घोडेगावला दगडाबाईच्या तंबूत हाच सिनेमा लागलाय. तिची कॉपी येगळी. तिच्यात लढाई हाय म्हनत्यात."

गहिनीनाथला धीर आला. बाजारच्या दिवशी रंभाजी बैल बघायला घोडेगावला जाणारच होता. त्याला हातापाया पडून दगडाबाईच्या तंबूत नेलं. मालनबाईही हट्टानं गाडीत बसली. "तुमी एकले गेला तर आनखी कायतरी सांगून बसाल," ती म्हणाली.

नवरा गेल्यावर तंबूचा धंदा एकटीनं पेलणारी दगडाबाई दारात स्वतः उभी होती. "माजी कॉपी एक नंबर," तिनं ठणकावलं. एक नंबर कॉपीत जनरलला आईच नव्हती; तो थेट मिशांसकट अवतरला. पण लढाई होती! एकदम मधूनच सुरू झाली. धुरळा उडाला, आणि पडदाभर गहिनीनाथचं तोंड आलं. त्याच झुपकेदार मिशा, तेच बसकं नाक.

"मी! मी!" गहिनीनाथ उभा राहून नाचायला लागला.

पडद्यावरच्या गहिनीनाथनं छाती धरली, डोळे फिरवले आणि तो खंदकात कोसळला. तंबूतल्या लोकांनी दणकून टाळ्या वाजवल्या. कारण पडद्यावरच्या गहिनीनाथच्या अंगावर शत्रूची वर्दी होती.

खरी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावोगावी पोरं अजून लढाई-लढाई खेळत होती आणि शत्रू व्हायला एकही तयार होत नव्हतं. रंभाजीनं गहिनीनाथकडं वळून असं बघितलं, की त्याचे नाचते पाय जागच्या जागी थांबले.

"पाव्हनं, तसं न्हाई," गहिनीनाथ घाईनं सांगू लागला. "सकाळी मी आपल्याकडून लढलो. जेवनं झाल्यावर सायेब म्हनला, तिकडं गडी कमी हायेत, आता तिकडनं मरा. मंग वर्दी बदलली."

"हे आदी का न्हाई बोलला?"

"कुन्या तोंडानं बोलू? ह्या दिवसांत?"

"सकाळी आपल्यात आन् दुपारी त्यांच्यात," रंभाजी म्हणाला. "आमच्याकडं अशाला फितूर म्हनत्यात."

नवऱ्याच्या बढाईला संसारभर नाक मुरडत आलेली मालनबाई, पण फितूर हा शब्द तिला झोंबला. पदर खोचून ती पुढं झाली. "व्याही, ह्ये फुगवून सांगत्यात, मला म्हायती हाय. पर काय नसतंच तर फुगवनार कशात? सकाळचं बी कुठंतरी असंल. हिच्या कॉपीत लढाई मधूनच लागली. मंग सुरवात कुठं गेली?"

हा प्रश्न गहिनीनाथला सुचला नव्हता. तो गाडी हाकत तसाच सोनईला आला आणि बन्सीपुढं उभा राहिला. आता बन्सीला कबूल करावंच लागलं.

"लढाईच्या सुरवातीचं रीळ हाय माज्याकडं," तो डोकं खाजवत म्हणाला. "पर त्येच्यात नुसत्या बंदुका सुटत्यात. मरत कुनीच न्हाई. मरायचं रीळ माज्याकडं आलंच न्हाई. लोक म्हनत्यात, इतका दारूगोळा उडाला, मेलं कोन? तंबू उखडायला उठत्यात. म्हून मी लढाईच गाळतो."

थोडक्यात, सोनईची कॉपी नुसतं मारत होती आणि घोडेगावची कॉपी नुसतं मरत होती.

गहिनीनाथ रंभाजीकडं धावला. रंभाजीनं शांतपणे अट घातली, "दोनी रिळं एका जागी, एकामागं एक लावा. आज एक, उद्या एक असं नगं. मधी येळ मिळाला की मानसं लई हुशार हुत्यात."

पण बन्सी आपलं रीळ दगडाबाईच्या तंबूत न्यायला तयार नव्हता. "ती बाई माजं रीळ तिच्या कॉपीला चिकटवून टाकंल." दगडाबाई सोनईला यायला तयार नव्हती. "त्यो बन्सी माजं रीळ कापंल." गहिनीनाथ सोनई-घोडेगाव अशा चकरा मारून घायकुतीला आला. त्याला जनरलचा हेवा वाटू लागला. जनरलला निदान समोर एकच शत्रू होता. शेवटी रंभाजीनंच तोड काढली. "आमच्या गावात आना. तितं कुनाचं काय जात न्हाई."

ह्याला दोघंही कबूल झाले. बन्सी आपला डबा मांडीवर घेऊन आला, दगडाबाई आपला डबा पदराखाली घेऊन आली. शिंगणापूरच्या मोकळ्या मैदानात पडदा लागला. अख्खं गाव लोटलंच, सोनई आणि घोडेगावहूनही बैलगाड्या आल्या. बन्सीचं हे रीळ गहिनीनाथनं स्वतःही बघितलेलं नव्हतं. त्यात आपण नसलोच तर? सिनेमावाल्यांनी सकाळचं सगळं फेकून दिलं असलं तर? चांगुणाचा उतरलेला चेहरा त्याला दिसत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण गप्प बसायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटलं.

बन्सीनं रीळ चढवलं. धूर झाला, तोफा धडधडल्या. जनरल तलवारीसारखा हात उंचावून ओरडला. आणि त्याच्या उजव्या अंगाला, अगदी खरोखर उजव्या अंगाला, आपल्या वर्दीतला गहिनीनाथ!

"हाय! हाय की!" मैदान गरजलं. पडद्यावरच्या गहिनीनाथनं बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. ठो! तिथंच रीळ संपलं.

"कुनाला लागली?" रंभाजी आता पुढं सरकून बसला होता.

"मला काय ठावं?" गहिनीनाथ म्हणाला. "म्होरं नुसता माळ हुता. सायेब म्हनला, हान."

दगडाबाईनं आपलं रीळ चढवलं. धुरळा उडाला. पडदाभर मिशा आल्या. शत्रूच्या वर्दीतल्या गहिनीनाथनं छाती धरली आणि तो खंदकात कोसळला.

मग रंभाजी, कधी मोठ्यानं न बोलणारा रंभाजी, उठून ओरडला, "अरं, पाव्हन्यानं पाव्हन्यालाच उडवला!"

त्यानंतर जो गोंधळ उसळला तो जनरलच्या विजयालाही मिळाला नसेल. पोरांनी शिट्ट्या फुंकल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, सोनईच्या ज्या टवाळांनी नकाशाखाली शोधलं होतं त्यांनीच गहिनीनाथला खांद्यावर उचललं. बन्सी आणि दगडाबाई डबे विसरून एकमेकांना सांगत होते की खरी मजा आपल्याच रिळात आहे.

गहिनीनाथ खांद्यावरून खाली उतरला तेव्हा रंभाजी समोर उभा होता. "पाव्हनं, माजं चुकलं," तो म्हणाला. "जो गडी देशासाठी स्वतःला गोळी घालायला बी मागंपुढं बघत न्हाई, त्येच्या घरची पोरगी मागायला मी इच्यार करीत बसलो. नारळ कवा फोडायचा बोला."

बायकांच्या घोळक्यात चांगुणानं तोंडावर पदर ओढून घेतला, पण पदराआडचं हसू काही लपेना. गहिनीनाथला भरून आलं. त्यानं पुढं होऊन रंभाजीला मिठीच मारली.

लोकांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "पुन्ना लावा!" म्हणून ओरडा झाला. पुन्हा लावलं, ठो, आणि गहिनीनाथ पडला. पुन्हा ओरडा, पुन्हा ठो. चौथ्यांदा बन्सी रीळ चढवायला लागला, तशी मालनबाई तरातरा पुढं आली आणि तिनं मशीनवर हात ठेवला. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"पुरं आता," ती दटावून म्हणाली. "किती येळा मारायचं मानसाला?"