दुधीला लावलेली शिस्त

आमच्या गल्लीत परसबागेचं शास्त्र फक्त मला कळतं, हे मी पूर्ण नम्रतेने सांगतो. राहुरीला रीतसर प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक आहे मी. डोक्यावर हिरवी टोपी, छातीवर बिल्ला, खिशात छाटणीची कात्री. शुगर फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात जन्म काढला. उशिरा येणारे कामगार सरळ केले, तिथे भेंडी-दोडक्याची काय कथा!

प्रशिक्षणात सांगितलं होतं, की प्रत्येकाने परत जाऊन आपापली गल्ली शिकवावी. आमची ही म्हणाली, "आधी आपल्या दारातली तुळस जगवा." मी मनावर घेतलं नाही. संतांनाही घरातून हेच ऐकावं लागलेलं आहे.

पहिला वर्ग शेजारच्या मरियाबाईंच्या अंगणात ठेवला. मरियाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आमच्या देवळाली प्रवऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सुई टोचली. त्यांच्या मोरीच्या पाण्यावर दुधीचा वेल नुसता माजला होता. पण त्याची वागणूक मला खटकली. मूळ मरियाबाईंच्या मोरीपाशी आणि सगळा संसार भिंतीपलीकडे, बद्रुन्निसाभाभींच्या पत्र्यावर! हजेरी एका खात्यात, काम दुसऱ्या खात्यात. टाइम ऑफिसच्या माणसाला हे बघवत नाही.

मी बांबू आणि तारा आणून मरियाबाईंच्या अंगणात मांडव उभा केला. जमलेल्या बायकांना समजावलं, की तापलेल्या पत्र्यावर फुलं गळतात, मांडवावर हवा खेळते आणि फळ सरळ लोंबतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढे जे झालं त्यात शास्त्राची काही चूक नाही, हे इथेच नोंदवतो.

मरियाबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, तिकडं बरं वाटतं हो त्याला."

मी म्हणालो, "बाई, वेलाला काय वाटतं यावर शास्त्र चालत नाही." आणि भिंतीपलीकडे गेलेला सगळा पसारा एका कात्रीत उडवला. बायका "अगंबाई" म्हणाल्या. मी ती दाद समजलो.

बद्रुन्निसाभाभी तेव्हा बेलापूरला गेल्या होत्या. त्यांची मुलगी उझ्मा तिकडे दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं. लेक उंबऱ्यात आली, की दुधीचा हलवा तिच्या तोंडात घालायचा, म्हणून एक दुधी त्यांनी पत्र्याखाली फडक्याच्या झोळीत वेलावरच जपून ठेवला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्या लेकीला घेऊन परतल्या तेव्हा झोळीतला दुधी रजा नामंजूर झालेल्या कामगारासारखा दिसत होता.

 

मरियाबाई आणि भाभी या दोघींमध्ये भिंतीवरून एक जर्मनचं पातेलं ये-जा करायचं. ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा, नाताळात इकडून करंज्या जायच्या. अधल्यामधल्या दिवसांत कालवण, कढी, काहीही. पातेलं रिकामं मात्र परत करायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर टाकून द्यायचं, ही रीत. त्या संध्याकाळी पातेलं भिंतीवर आलं ते रिकामं.

मरियाबाई ते हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मी वेलाला पाणी घालत होतो. आत डोकावून म्हणालो, "वा, लखलखीत घासलंय."

माझ्या बोलण्याचा अर्थ घरी हिने मला समजावून सांगितला. त्यात तुळशीचाही उल्लेख आला.

मी तडक भाभींकडे गेलो आणि कबूल केलं, की कात्री माझी होती, बाईंचा काही दोष नाही. भाभींनी बसायला खुर्ची दिली. चहा दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "कात्री तुमची हुती, भाऊ. अंगण तिचं हुतं."



परत येऊन मरियाबाईंना विचारलं, की एवढं होतं तर मला अडवलं का नाही?

"टोपी घालून आला होता तुमी," त्या म्हणाल्या. "चार बायका बसलेल्या. त्यांच्यादेखत तुमचा अपमान कसा करायचा?" मग म्हणाल्या, "बी तिचंच हाय, भाऊसाहेब. तिच्या दारात सगळी फरशी. माती माझी, ऊन तिचं, असं ठरलेलं आमचं. पण मी मनानं कापू दिलं असं तिला वाटलंच कसं, ते मला सांगा."

 प्रशिक्षणात मला तर दुधी तेवढा शिकवला होता.

मांडव आता लगडलाय. प्रशिक्षणवाले साहेब येऊन फोटो काढून गेले. मरियाबाई एका फळाला हात लावत नाहीत. "तुमचे दुधी" म्हणून सगळे आमच्याकडे पाठवतात, आणि ही ते सगळे मला वाढते. उझ्माला मुलगी झाली. आयत नाव ठेवलंय. उझ्मा स्वतः मरियाबाईंच्याच हातावर जन्मलेली. पण पलीकडे आयत रडायला लागली, की इकडे कपडे वाळत घालणाऱ्या मरियाबाईंचा हात दोरीवरच थांबतो. मग खाली येतो. पातेलं फडताळात पालथं आहे.

मी चूक सुधारायला घेतली आहे. रोज संध्याकाळी वेलाचा एखादा कोवळा शेंडा तारेवरून हळूच सोडवतो आणि भिंतीवरून भाभींच्या पत्र्याकडे वळवून ठेवतो. सकाळी बघावं तर गडी वळून पुन्हा मांडवावर! तारेला घट्ट वेढा घालून, हजेरी लावून मोकळा.

अख्ख्या गल्लीत माझं शिकवणं मनावर घेतलं ते त्या एकट्यानेच.